रिलेची कटकट

नागपूरचं मिहान, खापरीच्या बाजूचं एक आवार. अंधार पडला की दिवे लावणारं कार्ड. वायरमन म्हणतो, "भाऊ, रिले कटकट करून राहिला. आयसी बदलली, तरी तेच." कम्पॅरेटर एलएम 393, सप्लाय 12 व्होल्टचा, निगेटिव्ह नाही.

•

आयसी बदलण्याआधी स्कोप लावा. मावळतीला एलडीआरकडून येणारं व्होल्टेज इतकं सावकाश उतरतं की रेफरन्सपाशी बराच वेळ रेंगाळतं. त्यावर सप्लायचा 100 हर्ट्झचा रिपल. प्रत्येक लाटेला आउटपुट पलटतं. मीटरला यातलं काही दिसत नाही.

•

उपाय हिस्टेरेसिस. रेफरन्सला 10 केचे दोन रेझिस्टर, पुल-अप 4.7 के, आउटपुटपासून प्लस इनपुटला 470 के. चालू-बंदच्या पातळ्यांत साधारण 125 मिलिव्होल्टचं अंतर पडतं.

पण आउटपुट मोकळं 12 व्होल्टपर्यंत चढलं तरच! या कार्डावर ते थेट ट्रान्झिस्टरच्या बेसला जोडलेलं होतं, म्हणून 0.7 व्होल्टलाच अडायचं. 470 के असून नसल्यासारखा. बेसला 10 के टाकला, आउटपुट आठ व्होल्टच्या वर गेलं.

•

हिस्टेरेसिसची ही युक्ती ओटो श्मिट या अमेरिकन विद्यार्थ्याला 1934 साली सुचली, माकूळ माशाच्या मज्जातंतूंचा अभ्यास करताना. मला या गोष्टीचं अजून अप्रूप वाटतं.

•

ग्राउंड. रिलेचे 30 मिलिअँपिअर सेन्सरच्याच ग्राउंडमधून परततात. गंजलेल्या स्क्रूपाशी 0.2 ओहम असला तरी 6 मिलिव्होल्ट झाले. 393 चा ऑफसेट जास्तीत जास्त 5. रिलेचं ग्राउंड वेगळं काढून थेट सप्लायच्या कपॅसिटरला न्यावं.

•

393 चा सप्लाय 5 व्होल्टचा असेल आणि दोन्ही इनपुट 3.5 च्या वर गेले तर आउटपुटचा भरवसा नाही. एक जरी मर्यादेत असला तर चालतं. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, पत्र्याच्या डब्यात तर विचारूच नका. तिथे 3 व्होल्टच धरावेत.

खालची बाजूही सांभाळावी. लांब केबलवरून इनपुट ग्राउंडपेक्षा 0.3 व्होल्टहून जास्त खाली ओढला गेला की आउटपुट उलटंही पडू शकतं. इनपुटला सिरीजमध्ये 10 के, ग्राउंडकडे शॉटकी डायोड.

•

393 मधल्या न वापरलेल्या कम्पॅरेटरचे सगळे पाय ग्राउंडला.

•

दिवे दोन-तीन सेकंदांनी शांतपणे लागत-विझत असतील, तर सर्किटला हात लावू नका. दिव्याचाच उजेड एलडीआरवर पडतोय. पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात बसवून त्याचं तोंड आभाळाकडे करा.