डिकीतला नारळ

रत्नागिरीहून निघालो तेव्हा स्कूटरच्या डिकीत आईने दिलेला नारळ होता, गणपतीपुळ्याला वाढवायचा. मी देव मानत नाही हे तिला वीस वर्षं ठाऊक आहे. तिने नारळ द्यायचं थांबवलं नाही आणि मी न्यायचं.

आमच्या या घरगुती तहाला रत्नागिरीत मोठा दाखला आहे, म्हणून आधी पतितपावन मंदिरात डोकावलो. सावरकर 1924 ते 1937 या गावात स्थानबद्ध होते. गाय उपयुक्त पशू आहे, देव नव्हे, असं लिहिणारा हा माणूस. पण जुन्या देवळांत अस्पृश्यांना गाभाऱ्यापर्यंत कोण जाऊ देणार? मग नवंच देऊळ बांधायचं ठरलं. पैसा भागोजीशेठ कीरांचा. भंडारी समाजातले, गरिबीतून वर आलेले कंत्राटदार, आणि पक्के भाविक. 22 फेब्रुवारी 1931 ला लक्ष्मीनारायणाची प्रतिष्ठापना झाली. भागोजीशेठना मूर्ती हवी होती, सावरकरांना तिच्यासमोरची रांग. ती रांग हिंदूंचीच होती, हेही सांगायला हवं. जातीचा उंबरठा पुसला, धर्माचा तसाच राहिला. आंबेडकरांनी 1956 साली तो उंबरठाच ओलांडला. सावरकर मात्र 1966 मध्ये गेले ते श्राद्ध करू नका, विद्युतदाहिनीत न्या, असं सांगून.

शिरगाव गेलं, साखरतरचा पूल गेला. आरेचं सुरूचं बन मागे पडलं की रस्ता डोंगराला चिकटून चढतो आणि डिकीत नारळ गडगडू लागतो. माथ्याच्या वळणावर थांबलो. मागे आरे, पुढे वारे, मध्ये आपण. दोन्हीकडे तीच लाट, तरी किनारे दोन.

टपरीवर कोकम सरबत घेतलं.

"पुळ्याहून आलात की जाताय?" बाईंनी विचारलं. इथे तिसरा पर्याय नसतोच.

"जातोय. नारळ आहे."

"मग ऊन चढायच्या आत गाठा. प्रदक्षिणेला पाय भाजतात."

पुळ्याचा गणपती पश्चिमेकडे, समुद्राकडे तोंड करून आहे. मागचा डोंगर हेच त्याचं रूप, म्हणून प्रदक्षिणा डोंगराला. डोंगराभोवती चालायला नास्तिकाची काय हरकत असणार? चाललो. पाय भाजले.

नारळ वाढवला, एक वाटी परत मिळाली. रात्री आईने ती खोवून पोह्यांवर घातली.