हाडांची पेटी

दर्यापूर तालुक्यातील खारपाणपट्ट्यात माझ्या मावशीचे गाव आहे. तिच्या माजघरात एक लाकडी पेटी आहे. तीत सातबाराचे उतारे, कापूस विकल्याच्या पावत्या आणि पीकविम्याचे कागद ठेवलेले असतात. पेटीला कडी आहे, कुलूप नाही. १९८८ साली याच पेटीत माणसाची हाडे होती, हे आजच्या सुनानातवंडांना ठाऊक नाही. मावशीने त्या काळी ती पेटी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नव्हती. माझा मावसभाऊ सुट्टीत ती घेऊन आला म्हणजे तिची रवानगी गोठ्यात, बैलांच्या दावणीमागे होई. आणि बिचारा कंदील घेऊन तेथेच अभ्यासाला बसे.

वैद्यकीय महाविद्यालयात पाऊल टाकणारा आमच्या गणगोतातला तो पहिलाच. त्या वेळी अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचे महाविद्यालय निघून अवघी चार वर्षे झाली होती. यवतमाळचे १९८९ साली निघावयाचे होते, आणि अकोल्याच्या शासकीय महाविद्यालयाला तर २००२ साल उजाडावे लागले. वऱ्हाडातल्या मुलाने डॉक्टर व्हायचे म्हणजे बहुधा घरापासून लांब जायचे, अशीच रीत होती. मावसभाऊ असाच एका लांबच्या शहरी गेला. दहावीपर्यंत मराठीत शिकलेला, बारावीला इंग्रजी पुस्तके घोकून गुण मिळवलेला, स्वभावाने मुखदुर्बळ.

मी त्या वेळी अमरावतीस बी.ए.च्या वर्गात इंग्रजी वाङ्मय घेऊन बसलो होतो, आणि त्या वयात इंग्रजी वाङ्मय घेतलेल्या मुलाला जितका मूर्खपणा शोभतो त्याहून थोडा अधिकच माझ्या अंगी होता. दिवाळीपूर्वी मावसभावाचे मला चार पानी पत्र आले. सराव व्हावा म्हणून त्याने ते इंग्रजीत लिहिले होते. शवविच्छेदनाच्या दालनात प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही तोंड उघडत नाही, हाडांची नावे रात्री पाठ होतात आणि सकाळी पुसली जातात, अशा मजकुराचे ते पत्र होते. शेवटी पाचसहा शब्दांचे अर्थ विचारले होते. मी काय करावे? लाल शाईची दौत काढली, पत्रातली एकूण एक चूक अधोरेखित केली, समासात व्याकरणाचे नियम लिहिले आणि ते पत्र उलट टपाली त्याचे त्याला पाठवून दिले. शब्दांचे अर्थ द्यावयाचे राहूनच गेले. त्यानंतर त्याचे मला पत्र आले नाही.

पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम तेव्हा अठरा महिन्यांचा असे. अठरा महिन्यांनी तो शरीररचनाशास्त्रात नापास झाला, पुन्हा बसला, पुन्हा नापास झाला, आणि एका संध्याकाळी वळकटी व पेटी घेऊन एस.टी.तून उतरला. हाडे त्याने एका नव्या विद्यार्थ्याला विकली होती. पेटी तेवढी घरी आली.

त्याच्या महाविद्यालयाला दोष देण्यात हशील नाही. मुलाला आत घ्यावयाचे आणि वर्षअखेर परीक्षेच्या चाळणीत काय उरते ते पाहावयाचे, हीच तेव्हाची बहुतेक ठिकाणची रीत होती. नाही म्हणावयास, आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला १९६९ साली निघालेल्या महाविद्यालयाने मात्र नव्या विद्यार्थ्यांना आरंभीचे पंधरा दिवस गांधीजींच्या आश्रमात ठेवण्याची चाल पाडली. तेथे विद्यार्थ्याने झाडू हाती घ्यावा, सूत काढावे, आणि आपण कोणासाठी शिकणार आहो ते पाहावे, हा हेतू. आणि त्याही आधी, १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या तेव्हा फिलाडेल्फियाच्या वर्गात शिरण्यापूर्वी रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलेच की! आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. पण सर्वांनाच असे घर कोठून मिळावे?

असो. २०१९ साली देशभरच्या एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम बदलला आणि पहिल्या वर्षाच्या तोंडी एक महिन्याचा पायाभूत वर्ग आला. एकंदर १७५ तास. त्यांतील ४० तास भाषा व संगणक यांचे, ४० व्यावसायिक आचार व नीती यांचे, ८ तास आरोग्यकेंद्राच्या भेटीचे, २२ तास खेळ व छंद यांचे. पुढे हा काळ आखडण्यात आला, ती गोष्ट वेगळी. या भाषेच्या तासांसाठी आमच्या भागातील एका महाविद्यालयाने मला बोलावले. मी होकार दिला तेव्हा घरच्यांना वाटले, निवृत्ती जवळ आली म्हणून गृहस्थ उद्योग शोधतो आहे. लाल शाईची गोष्ट मी घरी कधी सांगितलेली नव्हती.

पहिल्या आठवड्यात मी पुन्हा तोच मूर्खपणा केला. फळ्यावर काळ लिहिले, कर्तरी-कर्मणी प्रयोग लिहिले. मुले नम्रपणे जांभया देत होती. मग ध्यानात आले की, यांची अडचण व्याकरणाची नव्हेच. ही मुले अकोल्याच्या शिकवणीवर्गांतून दोनदोन वर्षे घासून निघालेली. बुलढाणा-वाशीमकडची पोरे तेथे खोल्या घेऊन राहतात ती याच परीक्षेसाठी. त्या परीक्षेत चार पर्यायांतून एकावर खूण करावयाची असते, स्वतःचे एक वाक्यही लिहावयाचे नसते. शिवाय २०१७ पासून ती मराठीतूनही देता येते. म्हणजे दारापर्यंत मराठीत चालत यावे आणि उंबरा ओलांडताच परक्या भाषेत पानेच्या पाने लिहावीत, तोंडी परीक्षेत उभ्याउभ्या बोलावे, असा हा प्रकार! विद्यार्थी ढ नसतो, त्याला बोलण्याची सवयच नसते. एके काळी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठीतून वैद्यक शिकवण्याचा वर्ग होता, हे सांगितले तर आजच्या मुलांना ते खरे वाटत नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी व्याकरण गुंडाळले आणि हाडांकडे वळलो. वैद्यकाची नावे लॅटिन-ग्रीक आहेत आणि बहुतेक अगदी घरगुती वस्तूंवरून पडलेली आहेत. टिबिया म्हणजे पावा. क्लॅव्हिकल म्हणजे लहानशी किल्ली. कॉक्सिक्स म्हणजे कोकिळा, कारण माकडहाडाचा आकार तिच्या चोचीसारखा. ॲसेटॅब्युलम म्हणजे रोमन लोकांची शिरक्याची वाटी. कानातली तीन हाडे म्हणजे हातोडा, ऐरण आणि रिकीब. लोहाराचा भाता तेवढा राहिला. मी म्हटले, “पॅटेला म्हणजे ताटली.” मागल्या बाकावरून आवाज आला, “म्हंजे आमचं पातेलंच का, सर?” या दोन शब्दांचे गोत्र एक नाही, हे सांगावयास मी तोंड उघडले आणि मिटले. वर्ग प्रथमच मनापासून हसला होता, आणि त्या मुलीला ते हाड आता जन्मात विसरावयाचे नव्हते.

ती मुलगी अंजनगाव सुर्जीकडची, पानमळेवाल्याच्या घरची. पहिल्या चाचणीनंतर ती माझ्याकडे रडवेली होऊन आली. कमी गुणांच्या मुलांची यादी फलकावर लागली होती आणि तिच्या मथळ्यावर ‘मंदगती विद्यार्थी’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द होते. त्यांच्यासाठी सायंकाळी जादा तास ठेवले होते. हेतू उत्तम, यात शंका नाही. पण त्या तासाला जाताना तिला वसतिगृहाच्या मागल्या जिन्याने जावे लागे, कारण पुढल्या जिन्यावर मैत्रिणी बसलेल्या असत. मदतीच्या पानावर अशा रीतीने शिक्का उमटवला की भुकेला माणूसही पानावरून उठतो, हे आम्हा शिक्षकांना कळत कसे नाही?

शरीररचनाशास्त्राच्या एका तरुण प्राध्यापिकेला मी अमेरिकेतील एक हकीकत सांगितली. बर्कलेच्या विद्यापीठात १९७० नंतरच्या दशकात यूरी ट्रीसमन नावाच्या गणिताच्या तरुण शिक्षकाला प्रश्न पडला की, कष्टाळू कृष्णवर्णीय मुले कलनशास्त्रात का मागे पडतात आणि चिनी मुले का पुढे जातात. त्याने मुलांच्या खोल्यांतून जाऊन पाहिले. कृष्णवर्णीय मुले नेमाने पण एकटी अभ्यास करीत. चिनी मुले संध्याकाळी एकत्र बसत, एकमेकांच्या चुका काढीत, वाद घालीत. मग त्याने जे वर्ग काढले त्यांत सोपी उजळणी नव्हती; उलट वर्गातल्याहून कठीण उदाहरणे होती, आणि ती घोळक्यात बसून सोडवावयाची होती. तेथे जाणे हा कमीपणा नव्हे, मान वाटे. मुले उत्तीर्ण होऊ लागली.

प्राध्यापिकाबाईंनी फारशी चर्चा केली नाही. पुढल्या सोमवारी यादी फलकावरून उतरली. आठआठ जणांचे गट झाले, त्यांत पहिला आलेला आणि शेवटचा आलेला एकत्र, आणि रोज सायंकाळी ग्रंथालयाच्या व्हरांड्यात एकेका रुग्णाची कहाणी घेऊन शरीररचना उलगडावयाची असे ठरले. सर्वच गट चालले असे नाही. दोन महिनाभरात मोडले. एकात एकच हुशार मुलगा बोले आणि इतर सात टिपणे घेत. पण पानमळ्याच्या मुलीचा गट टिकला.

त्या गटात राजस्थानातून आलेला एक मुलगा होता, सर्व चाचण्यांत अग्रेसर. रुग्णालयाच्या भेटीत त्याच्यापुढे एक म्हातारी आली. ती म्हणाली, “डोया दुखून रायला बाप्पा, अन् हातपाय गयते.” त्याने मराठीचे पुस्तक विकत घेऊन पाठ केले होते, त्यात डोळा होता, डोया नव्हता. तो गोंधळला आणि मागे पाहू लागला. मुलगी पुढे झाली, म्हातारीजवळ बसली, “कधीपासून दुखते वो आजी?” म्हणाली, आणि पाच मिनिटांत ताप किती दिवस, घरात कोण, औषध काय घेतले, सारे काढून घेतले. वऱ्हाडात ळ चा य होतो हे त्या मुलाला त्या दिवशी कळले. पुढे मेळघाटातून एक कोरकू बाई आली, तेव्हा मात्र दोघेही सारखेच अडाणी ठरले. कोरकूचे मराठीशी नातेच नाही. दोघे धारणीकडच्या एका परिचारिकेला शोधीत व्हरांड्याने धावत गेले, तो देखावा मला फार आवडला.

मुलगी पहिल्या वर्षात उत्तीर्ण झाली, आणि पुढेही होत गेली. गुण फार नव्हते.

या दिवाळीत मी मावशीकडे गेलो होतो. मावसभाऊ आता पंचावन्नचा आहे. शेती नीट करतो, गावातल्या सोसायटीचा हिशेब पाहतो, आणि गावात कोणी पडले-झडले तर हाड मोडले की सांधा निखळला हे हात लावून बिनचूक सांगतो, पण इलाज करीत नाही, अमरावतीला धाडतो. मावशीचा गुडघा सुजला होता. त्याने बोटांनी चाचपून पाहिला आणि मला सहज म्हणाला, “पॅटेला.”

मी म्हटले, “त्याचा अर्थ ताटली.” मग एकेक करून पावा, किल्ली, कोकिळा, सगळे सांगितले. तो ऐकत राहिला, हसला, दोनदा माझ्याकडून ‘रिकीब’ वदवून घेतली. मग पेटीतून विम्याचा कागद काढीत, माझ्याकडे न पाहता म्हणाला, “हे तू मले तवा काहून नाही लिवलं?”

मावशीने आतून चहाला हाक मारली. तो कागद घेऊन उठला. पेटीचे झाकण उघडेच राहिले होते. ते मी लावले.