आमची धाकटी 'एलियन' झाली त्याची गोष्ट

माझी धाकटी बहीण अमेरिकेला गेली, हे आता गावात सगळ्यांना कळलंय. "पाहुण्यांनी बोलावून घेतलं, नशीब काढलं पोरीनं" असं लोक म्हणतात. बोलावून घेणं म्हणजे काय असतं, ते या दोन-सव्वादोन वर्षांत मी जवळून पाहिलं. तिची परवानगी घेऊन लिहितोय. पोस्ट मोठी आहे, वेळ असेल तर वाचा.

बहिणीचं पहिलं लग्न झालं होतं. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आमचे दाजी गेले. मूलबाळ नाही. दोन वर्षं ती आमच्याकडंच होती. मग एका नातेवाइकानं स्थळ आणलं. मूळ नांदेडचा माणूस, पंचवीस वर्षांपासून अमेरिकेत, तिथलाच नागरिक, घटस्फोट झालेला. दोघं बरेच महिने फोनवर बोलले आणि दोघांनी हो म्हटलं. २०२३ च्या अखेरीस लग्न ठरलं.

विधवा बाईचं दुसरं लग्न आमच्याकडं कसं करतात ते मी सांगायला नको. कुणाला आमंत्रण नाही, मांडव नाही, बँड तर नाहीच. "बोभाटा नको" हे एकच वाक्य घरात महिनाभर फिरत होतं. मी पण तेच म्हणत होतो, हे कबूल करतो. इतरांना सुधारणेचे धडे देणारा पत्रकार घरच्या लग्नात आवाज खाली करून बोलत होता.

पण नवरा परदेशी नागरिक. वकील म्हणाले, पुढं व्हिसाचं काम आहे, तर विशेष विवाह कायद्यानंच करा. १९५४ चा कायदा. त्यात आधी विवाह अधिकाऱ्याकडं नोटीस द्यायची, ती तीस दिवस फलकावर लागते, कुणाचा आक्षेप आला नाही तर तीन साक्षीदारांसमोर लग्न. पाहुण्यांनी सव्वा महिन्याची रजा काढली. आणि जे आम्ही गावापासून झाकत होतो ते तीस दिवस सरकारी फलकावर फोटोसकट लटकत होतं! चौथ्या दिवशी एकानं त्याचा मोबाइलवर फोटो काढून मलाच पाठवला, "ही तुमचीच ना?" म्हणून. मी दिवसभर उत्तर दिलं नाही.

लग्नाला आम्ही अकरा जण होतो. सह्या झाल्या, पेढे वाटले, एका हॉटेलात जेवलो. फोटो निघाले सहा. त्यातल्या दोनात आईनं पदर तोंडावर घेतलेला.

पाहुणे परत गेले आणि तिथून त्यांनी बायकोसाठी अर्ज भरला. त्या अर्जाचं नाव आय-१३०. इंग्रजी शीर्षकाचा सरळ मराठीत अर्थ 'परक्या नातेवाइकासाठी विनंती'. परक्यासाठी त्यांचा शब्द आहे 'एलियन'. आपल्याकडं एलियन म्हणजे सिनेमातला उडत्या तबकडीतून उतरणारा प्राणी. बहिणीनं वाचलं आणि खूप दिवसांनी हसली. "दादा, मी एलियन?" आम्ही आजवर पाहुण्यांना फॉरेनर म्हणत होतो. कागदावर फॉरेनर आमचीच निघाली.

नागरिकाच्या नवरा-बायकोला तिकडं वार्षिक कोट्याची रांग नाही, एवढं एक बरं. तरी अर्ज मंजूर व्हायला सव्वा वर्ष गेलं. मग फाइल त्यांच्या राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडं जाते. तिथं ३२५ डॉलर व्हिसाची फी, १२० डॉलर आर्थिक हमीच्या कागदांची फी. ती हमी नवऱ्यानं द्यायची. त्यांच्या सरकारनं ठरवलेल्या गरिबीच्या पातळीच्या किमान सव्वापट उत्पन्न दाखवायचं, टॅक्सचे कागद जोडायचे, आणि लिहून द्यायचं की ही बाई सरकारवर बोजा होणार नाही. पाहुण्यांचं ते काम दोन आठवड्यांत झालं. त्यांच्या घटस्फोटाची कोर्टाची प्रतही मागवल्याबरोबर आली.

अडकलो ते आम्ही.

पहिला कागद, जन्माचा दाखला. बहीण १९८६ ची, आईच्या माहेरी, देगलूर तालुक्यातल्या एका खेड्यात, घरीच जन्मलेली. दवाखाना नाही, सुईण होती, ती वारून वीस वर्षं झाली. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, म्हणजे नोंद व्हायलाच पाहिजे होती. माझी झालीय. मी थोरला, पोरगा, मामांनी स्वतः जाऊन नाव लावलं. तिची नाही. त्याच गावात, त्याच घरात, तीन वर्षांच्या अंतरानं. मामांना विचारलं तर म्हणाले, "राहून गेलं असंल बा. पोरीचं कोण बघत होतं तवा." हे वाक्य त्यांनी सहज म्हटलं. बहीण शेजारीच बसली होती.

उशिरा नोंद करून घ्यायची सोय कायद्यात आहे. आम्ही त्या तयारीला लागलो आणि नेमकं २०२५ च्या जानेवारीत राज्य सरकारनं उशिराचे जन्म-मृत्यू दाखले देणंच थांबवलं. बांगलादेशींना दाखले दिल्याचे आरोप झाले, चौकशीला एसआयटी नेमली, मार्चमध्ये नवी कडक कार्यपद्धत आली. खोटे दाखले रोखावेत, यात वाद नाही. पण घरी जन्मलेल्या, नोंद राहून गेलेल्या बायका मराठवाड्यात किती असतील, तुमच्याच घरात बघा. त्यांनी कुठं जायचं?

मग दुसरा रस्ता. नोंद नाही, असा दाखला घ्यायचा, अनुपलब्धता प्रमाणपत्र, नमुना १०. नसल्याचाही दाखला असतो! त्याच्यासोबत शाळेचा उतारा आणि जन्म माहीत असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची शपथपत्रं. तो 'नाही' लिहिलेला कागद मिळवायला मी एका कार्यालयात सात चकरा मारल्या. "जे नाही ते लिहून कसं देऊ?" हा प्रश्न मला तिथं गंभीरपणे विचारला गेला. नाव घेत नाही, शेवटी दिला त्यांनी.

शाळेचा उतारा मात्र एका दिवसात मिळाला. त्याचं कारण ऐका. २०२३ ला शिंदे समितीच्या वेळी कुणबी नोंदी शोधायला सगळ्या शाळांचे जुने प्रवेश-निर्गम बाहेर निघाले होते. मुख्याध्यापक म्हणाले, "तवापासून कपाटाच्या वरच्याच खान्यात आहे, रोज कुणी ना कुणी येतंय." मराठवाड्याला जुना कागद शोधायची सवय आता लागलीच आहे. त्या पानावर एकाखाली एक नावं वाचत गेलो. वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरांचा जन्म १ जूनचा. आमच्या धाकटीचा पण, १ जून १९८६. गुरुजींनी एका दुपारी अख्ख्या गावाचे वाढदिवस उरकलेले.

शपथपत्रं आईचं आणि मामीचं. नोटरीकडं मजकूर टाइप झाला: 'माझी मुलगी दिनांक १ जून १९८६ रोजी...' मी आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, "नाही. ती पोळ्याच्या करीला झाली. बैलाच्या शिंगाचा रंग वाळला नव्हता."

घरी येऊन जुनं पंचांग पाहिलं. १९८६ चा पोळा सप्टेंबरात. तीन महिन्यांचा फरक. टीसी, आधार, पासपोर्ट, सगळीकडं १ जून. वकिलांनी समजावलं, मावशी, सगळीकडं जे आहे तेच द्या, वेगळी तारीख दिसली की फाइल अडकते. आई ऐकेना. "शपथ घ्यायची म्हणता आन् खोटं सांगायला लावता. माझ्या पोटातून आली, मला ठाव नाही का?"

मला राग आला होता. दोन वर्षांची धडपड एका पोळ्यावरून अडलेली. बहीण मात्र शांत होती. ती म्हणाली, "दादा, ती खरं बोलायलीय. खरं बसंल असं लिहा की."

शेवटी लिहिलं ते असं. मला इंग्रजी तारीख येत नाही. माझी मुलगी १९८६ च्या पावसाळ्यात माझ्या माहेरी घरी जन्मली. तिची जन्मनोंद झालेली नाही. शाळेत नाव घालताना १ जून १९८६ ही तारीख लावली आणि पुढच्या सगळ्या कागदांवर तीच आहे. आईनं दोनदा वाचून घेतलं आणि मग सही केली. सही म्हणजे तिला तिचं नाव लिहिता येतं, तेवढं. त्याचं इंग्रजी भाषांतर मीच केलं. तिथं भाषांतरकार परवानाधारकच पाहिजे असं नाही, दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व खरं आहे असं सही करून द्यावं लागतं. बावीस वर्षांच्या पत्रकारितेत माझ्या मजकुराखाली 'हे खरं आहे' अशी सही करायची वेळ पहिल्यांदाच आली.

नावांचं तर काय सांगू. टीसीवर वडिलांचं नाव, आधारवर गेलेल्या दाजींचं, विवाह प्रमाणपत्रावर आणि तिसरंच. दाजींच्या मृत्यूच्या दाखल्यावर आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग चौथ्या प्रकारचं, आणि आधीचं लग्न कसं संपलं याचा पुरावा म्हणून तोच दाखला लागणार होता. तो दुरुस्त करायला ती स्वतः गेली. मला येऊ दिलं नाही.

मग मागणी आली लग्न खरं असल्याच्या पुराव्याची. समारंभाचे फोटो, दोन्ही कुटुंबांसोबतचे फोटो, एकमेकांशी संपर्काचा पुरावा. ज्या लग्नात आम्ही फोटोवाल्याला बोलावलं नव्हतं, त्याचे फोटो. मी सहा फोटो टेबलावर मांडले, आणि आईच्या पदराचे दोन काढून ठेवावेत का, असा विचार करत बसलो. शेवटी सहाही जोडले. फोनवरच्या गप्पांच्या प्रिंट बहिणीनं नायगावात काढल्या नाहीत, नांदेडला जाऊन काढल्या. इथल्या झेरॉक्सवर काय काय वाचलं जातं ते तिलाही ठाव आहे.

पोलीस क्लिअरन्स, मुंबईत मेडिकल, लसी. ते सगळं सुरळीत झालं.

मुलाखत मुंबईच्या वाणिज्य दूतावासात, बीकेसीला. देवगिरीनं गेलो. मी बाहेर फुटपाथवर, फाइल घेऊन ती आत. आत काय झालं ते तिनं सांगितलं. अधिकारी बाईंनी फोटो पाहून विचारलं, लग्नाला एवढे थोडेच लोक का? पाठ केलेलं उत्तर होतं, साधेपणाची आवड म्हणून. ती म्हणाली, "माझं दुसरं लग्न होतं. आमच्याकडं विधवेचं लग्न वाजतगाजत करत नाहीत. घरच्यांना लोकांची भीती वाटत होती." बाईंनी तिच्याकडं बघितलं, आणखी दोन-तीन प्रश्न विचारले आणि पासपोर्ट ठेवून घेतला. पासपोर्ट ठेवून घेतला म्हणजे काम झालं, हे मला बाहेरच्या लोकांनी सांगितलं. तोवर लग्नाला दोन वर्षं उलटली होती, म्हणून कार्ड दहा वर्षांचं. दोन वर्षांच्या आत गेली असती तर दोनच वर्षांचं मिळालं असतं आणि लग्न खरं असल्याचं परत सिद्ध करत बसावं लागलं असतं.

ती गेली. आईनं त्या शपथपत्राची एक झेरॉक्स मागून घेतली आणि पेटीत राशन कार्डाखाली ठेवलीय. परवा म्हणाली, "आता हाय बघ तिच्या जन्माचा कागद."

नायगाव, बिलोली, देगलूर भागात कुणाचं असं काम अडलं असेल तर कळवा. कोणता कागद कुठं मिळतो ते सांगतो आणि भाषांतर करून देतो, पैसे नकोत. आणि घरात परवा-तेरवा पोरगी झाली असेल तर एकवीस दिवसांच्या आत नोंद करून घ्या, त्याला फी पण नाही.