उभ्या गाडीची बॅटरी

आमच्या कराड भागात गाड्या पावसाळ्यात उभ्या राहायच्या. उसाचा गळीत हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी आटपला, की ट्रक ताडपत्री घालून चिंचेखाली लावले जायचे. ट्रॅक्टरला खरिपाची थोडीफार कामं तरी असत, ट्रकला तीही नसत. मग दसरा जवळ यायचा, कारखान्याच्या बॉयलर अग्निप्रदीपनाच्या पत्रिका गावात फिरू लागायच्या आणि काकांच्या दुकानासमोर बॅटऱ्यांची रांग लागायची. प्रत्येकाचं गाऱ्हाणं एकच असे. "गाडी जागची हलली नाही, मग बॅटरी उतरली कशी?"

काका म्हणायचे, "हलली नाही म्हणूनच उतरली."

त्या दुकानात माझ्या शाळकरी सुट्ट्या गेल्या. तेव्हाच्या बॅटऱ्या काळ्या कडक रबराच्या, वरून डांबर ओतून बंद केलेल्या. एखादा सेल गेला तर डांबर वितळवून तेवढाच बदलता यायचा. सहा बुचं उघडायची, काचेच्या हायड्रोमीटरचा रबरी फुगा दाबून थोडं अ‍ॅसिड वर ओढायचं आणि आतला तरंगता काटा कुठे थांबतो ते मोठ्याने सांगायचं, हे माझं काम. १२७० म्हणजे भरलेली, ११०० च्या जवळ म्हणजे पार बसलेली. काका खडूने तो आकडा बॅटरीच्या अंगावर लिहायचे. "पोरी, ग्रॅव्हिटी बघितल्याशिवाय कुठलीही बॅटरी चार्जिंगला लावायची नाही." माझ्या सुती फ्रॉकना बारीक भोकं पडलेली असायची. अ‍ॅसिडचा शिंतोडा उडताना कळत नाही, पुढच्या धुण्यात कापड विरतं. रात्रभर बॅटऱ्या एकीला एक जोडून मंद करंटवर लावलेल्या असत. आतून बारीक बुडबुड्यांचा आवाज यायचा, आणि त्या खोलीत कुणालाही विडी पेटवू दिली जायची नाही, कारण ते बुडबुडे हायड्रोजनचे.

पुढे रसायनशास्त्र शिकताना कळलं, की ही वस्तू गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये तयार केली आणि तिचा मूळ गाभा अजून तोच आहे. एक प्लेट शिशाची, दुसरी शिशाच्या ऑक्साइडची, मध्ये पातळ केलेलं गंधकाम्ल. बॅटरी वीज देते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमत जातं आणि अ‍ॅसिडचं पाणी होत जातं. काकांच्या काट्याला तेच कळत होतं. चार्जिंग वेळेत केलं तर सल्फेट पुन्हा विरघळतं. उतरलेली बॅटरी महिनोन्‌महिने तशीच राहिली, तर त्या सल्फेटचे खडे कडक होतात आणि मग कितीही करंट द्या, ते सुटत नाहीत. गाडी चालवून बॅटरी झिजते हे खरंच, पण मी पाहिलेल्या कितीतरी बॅटऱ्या उतरलेल्या अवस्थेत नुसत्या पडून राहून गेल्या.

लग्नानंतर मी विनिपेगला आले. कॅनडाच्या मध्यावरचं हे शहर. उणे ३० ची रात्र इथे नवलाची नाही. इथल्या गाड्यांच्या तोंडाशी विजेची एक वायर लोंबत असते. रात्री ती पार्किंगमधल्या सॉकेटमध्ये खुपसायची, म्हणजे इंजिन ऊबदार राहतं. उणे १८ ला बॅटरीची ताकद जवळपास निम्म्यावर येते, आणि नेमकं तेव्हाच ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. गाडी सुरू झाली नाही तर कराडात हाक मारली की चार माणसं धक्का द्यायला यायची. इथल्या ऑटोमॅटिक गाड्या धक्क्याने सुरू होत नाहीत. इथे माणसं जंपर केबल घेऊन येतात, अनोळखी असली तरी येतात.

आमच्या शेजारच्या आजोबांची एक जुनी, जिवापाड जपलेली गाडी आहे. ऑक्टोबरअखेर ती गॅरेजमध्ये जाते ती एप्रिलमध्ये बाहेर निघते. मागच्या एप्रिलमध्ये तिने सेल्फच घेतला नाही. ते केबल घेऊन आले, तेव्हा मी त्यांना थांबवलं. भरलेल्या बॅटरीतलं अ‍ॅसिड उणे ५० लाही गोठत नाही, पण पार उतरलेली बॅटरी उणे सात-आठलाच गोठू शकते, आणि गोठलेल्या बॅटरीत करंट सोडला तर ती फुटू शकते. आधी डबा फुगलाय का, चीर गेली आहे का, हे बघायचं. तसं काही दिसलं नाही. मीटरवर मात्र अकरा व्होल्टसुद्धा नव्हते. भरलेली बॅटरी १२.६ दाखवते.

बॅटरी काढून आम्ही तळघरात आणली आणि एक रात्र तशीच ठेवली, म्हणजे आत कुठे बर्फ असलाच तर वितळेल. त्यांच्या नव्या, हुशार चार्जरने एवढ्या उतरलेल्या बॅटरीला ओळखच दिली नाही. मी माझा जुना, काट्याचा चार्जर काढला, खिडकी उघडी ठेवली आणि दोन अ‍ॅम्पिअरवर लावला. घाईचा मोठा करंट मला पटत नाही. केबलने गाडी सुरू करून दहा मिनिटं चक्कर मारायची आणि झालं म्हणायचं, हेही पटत नाही. गाडीतला अल्टरनेटर रोजची झीज भरून काढण्यासाठी असतो. मेलेली बॅटरी उठवायला लावलं तर तोही तापतो. आमच्या बॅटरीचे व्होल्ट वर आले खरे, पण दुकानात लोड टेस्टला ती कोसळली. खडे बसले होते.

आजोबा खिन्न झाले. सहा महिने गाडीला हातही लावला नव्हता, मग असं का व्हावं? कराडचाच प्रश्न, पण उत्तर तेच देता आलं नसतं. आमच्याकडे पावसाळ्याआधीच्या उन्हाने बॅटरी आतल्या आत उतरायची. इथे थंडीला उगाच बोल लागतो. थंडीत बॅटरी आपणहून फारच सावकाश उतरते. पूर्ण भरून, वायर सुटी करून ठेवलेली बॅटरी इथला हिवाळा सुखरूप काढते. वीज पिणारे दुसरेच असतात. गाडीतलं घड्याळ, अलार्म, किल्लीच्या बटणाची वाट बघत बसलेला रिसीव्हर. सगळे मिळून ५० मिलिअ‍ॅम्पिअर धरले तरी दिवसाला १.२ अ‍ॅम्पिअर-तास जातात. ५० अ‍ॅम्पिअर-तासांची बॅटरी दीड महिन्यात रिकामी. मी हा हिशोब त्यांना पाकिटावर मांडून दाखवला, आणि त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला.

जुनी बॅटरी दुकानदाराने परत घेतली, तिचं शिसं वितळून नव्या प्लेटा होतील. ऑक्टोबरमध्ये मी निगेटिव्ह वायर सोडायला सुचवलं, तर रेडिओत साठवलेली स्टेशनं पुसली जातील म्हणून त्यांनी नकार दिला. ती त्यांच्या पत्नीची स्टेशनं होती, बॅटरी बदलल्यावर त्यांनी पुन्हा लावून ठेवलेली. मग आम्ही हिवाळाभर थेंबथेंब करंट देणारा मेंटेनर आणला, क्लिपा घट्ट बसवल्या, आणि महिन्यातून एकदा जाऊन त्याचा हिरवा दिवा बघायचं काम मी माझ्याकडे घेतलं.