यवन पाहुणा आणि जुन्नरची पेठ

परदेशी पाहुण्याचें जुन्नरास नवल वाटण्याचें कारण नाहीं. कल्याण बंदरांतील माल घेऊन निघालेले तांडे नाणेघाट चढून ह्याच पेठेंत येत. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत असें लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. शेजारच्या लेण्यांत सातवाहन राज्ञी नागनिका हिचा लेख आहे, आणि त्यांत यज्ञप्रसंगीं दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, हत्ती, घोडे व कार्षापण यांची मोजदाद आहे.

ह्या पेठेंत यवन केवळ घेण्यास येत नसत. शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नांवाच्या यवनानें पाण्याचीं दोन टाकीं खोदविलीं, चिट नांवाच्या यवनानें भिक्षुसंघास भोजनमंडप दिला, आणि मानमोडीच्या डोंगरांत चंद नामक यवनाच्या दानाचा लेख आहे. हे लोक जन्मानें ग्रीक होते कीं नांवापुरते यवन, हा वाद पंडितांनीं खुशाल घालावा; दाते म्हणून त्यांचीं नांवें दगडावर राहिलीं, एवढें आम्हांस पुरे आहे.

मग त्यांचें नाणें येथें चालले कसें? इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ ग्रंथांत, भडोच बंदरीं रोमक सोन्यारुप्याचीं नाणीं देऊन देशी नाणें घेतल्यास नफा होतो, असें नमूद आहे. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखांत पस्तीस कार्षापणांस एक सुवर्ण असा भावच दिला आहे. नाशिकजवळ जोगलटेंभी येथें 1906 सालीं नहपानाचीं तेरा हजारांहून अधिक चांदीचीं नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हां मारलेला आहे. शत्रूचें नाणें वितळवून टाकण्याचीही त्यास गरज वाटली नाहीं. चांदी खरी असली म्हणजे वरचा छाप बदलतां येतो.

आजच्या पैशास चांदीही नाहीं आणि छापही नाहीं. 8 नोव्हेंबर 2016 रोजीं पांचशें व हजाराच्या नोटा रद्द झाल्या. त्याच वर्षीं यू.पी.आय. ही पद्धति सुरू झाली होती. डिसेंबर उजाडतो न उजाडतो तोंच नाणेघाटाच्या पायथ्याकडील मुरबाड तालुक्यांतलें धसई हें महाराष्ट्रांतील पहिलें रोकडविरहित गांव म्हणून जाहीर झालें. जेथून माल वर चढत असे त्याच मुलखांत नाणें नकोसें व्हावें, ही गंमतच म्हणावयाची. आतां भाजीवालीच्या पाटीवरही ती काळीपांढरी चौकट चिकटविलेली असते. अडचण इतकीच कीं, त्या चौकटीमागें हिंदुस्थानांतील बँकेचें खातें लागतें, आणि तें पाहुण्यापाशीं कोठून असणार?

गेल्या हिवाळ्यांत आमच्या पुतण्याचे जर्मन श्वशुर लेण्याद्रीस आले होते. गिरिजात्मजाच्या पायऱ्यांखालीं एक म्हातारी पेरू विकीत होती. पाहुण्यांनीं चार पेरू निवडले व पांचशेंची नोट पुढें केली. बँकेच्या यंत्रांतून त्यांस तेवढ्याच नोटा मिळाल्या होत्या.

“गुरुजी, सुटे कुठले माझ्याकडं? फोनवरनं द्यायला सांगा की त्यांना.”

फोन होता, आणि तोही आमच्या सबंध घरांतील फोनांहून भारी! पण चौकटीपुढें तो मुका. आम्हीं खिशांत हात घातला, तों पाहुण्यांनीं आमचें मनगट धरलें. तीन दिवस ते पाहत होते कीं, चहा, टांगा, फुलें, सर्व कांहीं कोणी तरी परस्पर देऊन टाकतो. सत्तरीचा स्वाभिमानी गृहस्थ. त्यांचा चेहरा उतरला होता. आम्हां लोकांस पाहुण्याचे पैसे देण्यांत धन्यता वाटते, परंतु पाहुण्यासही देण्याची इच्छा असते हें आमच्या गांवीं नसतें. म्हातारीनें पेरू त्यांच्या पिशवींत घातले आणि “उतरतांना द्या,” म्हणाली. वर चढण्यापूर्वीं तिकिटाच्या खिडकीवर नोट मोडून मिळाली, आणि उतरतांना त्यांनीं तिचे पैसे स्वतःच्या हातानें मोजून दिले.

आतां आमच्या वाचकांच्या घरोघरीं परदेशी जांवई, सुना व तिकडचें पारपत्र असलेलीं नातवंडें येतात, म्हणून हें सांगणें. फेब्रुवारी 2023 मध्यें रिझर्व्ह बँकेनें जी-20 देशांतील प्रवाशांस येथें उतरल्यावर यू.पी.आय. वापरण्याची मुभा दिली, ‘यू.पी.आय. वन वर्ल्ड’ नांवाची ही सोय पुढें इतर देशांच्या प्रवाशांसही खुली झाली. पारपत्र व व्हिसा दाखवून फोनांत एक थैलीच मिळते. तींत आगाऊ पैसे भरावयाचे व दुकानदारांस त्या चौकटीवर द्यावयाचे. अनिवासी भारतीयांचें येथें एन.आर.ई. किंवा एन.आर.ओ. खातें असेल, तर ठराविक देशांतील त्यांच्या फोन क्रमांकावरही यू.पी.आय. चालते. हीं कामें विमानतळावर किंवा पुण्यासारख्या शहरांत उरकावीं. जुन्नरास पोंचल्यावर धांवाधांव करूं नये. आणि यजमानिणीनें दहा-वीसच्या नोटांचें एक पुडकें आधींच करून ठेवावें व पाहुण्यांच्या मोठ्या नोटेबद्दल तें त्यांच्या हवालीं करावें. ह्यास कोणाचीच परवानगी लागत नाहीं.

आम्हीं तें पुडकें त्याच रात्रीं केलें, कारण दुसऱ्या दिवशीं भीमाशंकरास जावयाचें होतें. क्षेत्र खेड तालुक्यांत मोडत असलें तरी आमची वाट आंबेगांव तालुक्यांतून, घोडेगांवावरून. तालुक्यास ज्याचें नांव, तें मूळचें आंबेगांव डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें आहे. धरण मागें टाकून डोंगरांत शिरलें कीं फोनाची लहर कोठें लागते, कोठें लागत नाहीं. एका वळणावर चहास थांबलों, तेथें पुण्याचीं पांचसहा तरुण मुलें चहा पिऊन, हात उंच करून, फोन आभाळास दाखवीत उभीं होतीं. कोणाच्याही खिशांत एक रुपया नव्हता. चहावाला निमूट पाहत होता. पाहुण्यांनीं आम्हांस काय प्रकार आहे तें विचारलें, पुडकें काढलें, आणि आमच्यासकट त्या सगळ्या पोरांच्या चहाचे पैसे दहा-दहाच्या नोटांनीं चुकते केले.