दडून बसलेले मासे

सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला सोनाळा हे गाव वसलेले आहे. गावामागे अंबाबरव्याचे अरण्य आणि पुढे कपाशीची काळीभोर राने. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. गावातील कित्येक वृद्धांनी तो उभ्या जन्मात पाहिलेला नाही. तथापि खारे पाणी म्हणजे काय, हे इकडच्या माणसाला शिकवावे लागत नाही. दक्षिणेस पूर्णा नदीच्या बाजूला उतरू लागले की खारपाणपट्टा लागतो. तेथील कित्येक विहिरींचे पाणी घोटभरही पिववत नाही. याच जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. उल्कापाताने पडलेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात साचलेले ते पाणीही खारट आणि क्षारयुक्तच.

म्हणूनच नव्या मुंबईत नोकरीस असलेल्या एका तरुणाने दिवाळीच्या सुटीत सोनाळ्याच्या आपल्या घरी मोठी काचपेटी आणली, आणि तिच्यासोबत सागरी मिठाच्या पिशव्याही काढल्या, तेव्हा त्याच्या आजीने कपाळाला हात लावला. "बाप्पा, खारं पाणी पायजे त मीठ कायले इकत आणलं? खारपाणपट्ट्यात फुकट भेटते," असे ती म्हणाली. आजीची शंका वावगी नव्हती. पण खारटपणा हा सगळीकडे सारखा नसतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्यांचे परस्परांशी प्रमाण ठरलेले असते. विहिरीचे खारे पाणी याहून पुष्कळच फिके, आणि त्यातील क्षारांचे प्रमाणही निराळे. समुद्रातील मासा खारे पाणी पितो आणि त्यातील जास्तीचे मीठ बरेचसे कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. त्याच्या शरीराचा हा सारा कारभार समुद्राच्या पाण्यावर बेतलेला असतो.

पेटी तयार झाली. परंतु मासे काही आले नाहीत. संक्रांतीपर्यंत नुसतेच पाणी फिरत राहिले. शेजारी हसू लागले. या विलंबाचे कारण मात्र मोठे मौजेचे आहे. माशांच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो. तो साचला तर माशांना विषासारखा ठरतो. दगडांवर व वाळूत वाढणारे काही जीवाणू त्याचे हळूहळू कमी घातक पदार्थांत रूपांतर करतात. हे अदृश्य सफाईकामगार पुरेसे वाढण्यास कित्येक आठवडे लागतात. ज्याला धीर नाही, त्याने हा छंद न धरलेलाच बरा!

घरात असा समुद्र मांडण्याची कल्पना जुनी आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली जनतेसाठी पहिले मत्स्यालय उघडले. मुंबईत १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून सहलीस गेलेल्या मुलांच्या कितीतरी पिढ्यांनी समुद्राच्या पोटातील रंग पहिल्यांदा तेथेच पाहिले. पूर्वी शोभेचे बहुतेक सागरी मासे प्रवाळांच्या बेटांतून धरून आणीत, आणि वाटेत त्यांतील अनेक मरत. आजही पुष्कळ जातींच्या बाबतीत तसेच चालते. विदूषक मासा मात्र माणसाच्या देखरेखीखाली जन्मू शकतो. नव्या मुंबईत ऐरोली येथे त्याची पैदास करण्यात आली आहे. सोनाळ्याच्या त्या घरी संक्रांतीला आले ते असेच दोन विदूषक मासे: शेंदरी अंग, त्यावर पांढरे पट्टे, एक बोटभर लांबीचा, दुसरा त्याहून लहान.

मासे आल्याची वार्ता आळीभर पसरली. सायंकाळी दारात चपलांचा ढीग झाला. मुलांनी काचेला नाके लावली, कोणी टकटक केले, कोणी बॅटरीचा झोत आत सोडला. पण पेटीत दगडांवाचून काहीच दिसेना. "दगडच पाळले म्हणायचे!" असे बोलून मंडळी तिळगूळ घेऊन परतली. तरुणाची धाकटी बहीण तेव्हा सहावीत होती. त्या बोलण्याने तिचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी दादा नव्या मुंबईस परतला आणि पेटीचा सांभाळ तिच्याकडे आला. दोन दिवस गेले. मासे दगडाच्या कपारीतून बाहेर येईनात. बाबांनी बाह्या सरसावल्या आणि म्हणाले, "हे दगडच काढून टाकतो. मग कुठे लपतील?" मुलीने त्यांचा हात धरला. "बाबा, थांबा ना. आधी दादाला विचारू द्या." तिने फोन लावला. दादाने बहिणीलाच उलट प्रश्न केला : "आपल्या धुऱ्यावरची झुडपे तोडली, तर तित्तर उघड्यावर येऊन चरतील का?"

सोनाळ्याच्या मुलीला याचे उत्तर सांगावे लागले नाही. तित्तर झुडपापासून चार पावलांवरच चरतो. कारण पंख फडफडताच आत शिरता येईल, ही त्याला खात्री असते. झुडूप गेले की तित्तरही रान सोडतो. माशांचेही असेच आहे. ज्या पेटीत लपायला जागा भरपूर, त्या पेटीतील मासे अधिक वेळ बाहेर फिरतात. ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्याला उलटी वाटते. परंतु मासे पाळणारे जाणते लोक हेच सांगतात.

काचेवरच्या टिचकीचेही तसेच. पाण्यात ध्वनी हवेतल्याहून चौपटीपेक्षा अधिक वेगाने जातो. शिवाय माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक संवेदनशील रेषा असते. पाण्याची बारीकशी हालचालही तिच्यामुळे त्याला जाणवते. आपल्याला जी टिचकी, ती त्याला दारावरची थाप वाटत असली पाहिजे. बहुतेक माशांना पापण्याही नसतात. अंधारात एकाएकी झोत पडला, तर डोळे मिटून घेण्याची सोय त्यांना नाही. मग कपारीत शिरण्यावाचून दुसरे काय उरते?

त्या दिवसापासून पेटीजवळ टकटक बंद झाली. दिवा लावण्यापूर्वी खोलीत आधी उजेड केला जाऊ लागला. आजी दुपारी पेटीपाशी बसून वाती वळीत असे. ती मुळी माशांकडे पाहतच नसे, आणि बहुधा म्हणूनच आठव्या दिवशी मोठा मासा पहिल्यांदा तिच्यासमोर बाहेर आला. आजीने हाक मारली नाही, वात खाली ठेवली नाही. मुलगी शाळेतून आल्यावर मात्र तिने ही गोष्ट तीनदा सांगितली.

समुद्रात दडणे ही भित्र्यांची रीत नव्हे, ती जगण्याची विद्या आहे. प्रवाळांच्या बेटांवर तिचे नाना प्रकार पाहावयास मिळतात. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत आणि तेथील क्षेत्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. विदूषक मासा समुद्रफुलाच्या दंश करणाऱ्या तंतूंत घर करतो. त्याच्या अंगावरील बुळबुळीत लेपामुळे तो दंश त्याला बाधत नाही, आणि शत्रू मात्र दूर राहतो. काही जातींचे मासे रात्र होताच वाळूत स्वतःला पुरून घेतात. पोपटमाशांच्या काही जाती झोपण्यापूर्वी स्वतःभोवती चिकट पदार्थाची पारदर्शक पिशवी विणतात. मोठ्या डोळ्यांचे काही तांबडे मासे दिवसभर गुहेत राहतात आणि अंधार पडल्यावर भक्ष्यासाठी निघतात. सर्वांत नवल वाटते ते गोबी नावाच्या लहानग्या माशाचे. त्याच्या काही जाती एका कोळंबीच्या बिळात राहतात. कोळंबीची दृष्टी अधू. ती बीळ खणते आणि आपली मिशी माशाच्या अंगाला टेकवून ठेवते. मासा दारात पहारा देतो. धोका दिसताच तो शेपटी थरथरवतो आणि दोघेही आत! इतकी सोबत माणसांतही क्वचितच आढळते.

उन्हाळा आला. वऱ्हाडचा उन्हाळा कोणास ठाऊक नाही? मे महिन्यात पारा त्रेचाळीसवर गेला, विजेचाही लपंडाव सुरू झाला. एके सकाळी लहान मासा पुन्हा कपारीत जाऊन बसला. घरच्यांना वाटले, पाहुणे आले म्हणून घाबरला असेल. मुलीला तसे वाटेना. मागे तो दडून बाहेर डोकावत असे; या वेळी डोकावत नव्हता. चारा टाकला तरी तो हलला नाही, आणि कल्ले मात्र भराभर उघडमिट होत होते. तिने पाण्याचे तापमान पाहिले. ते ३२ अंश होते. या माशांना २४ ते २७ अंशांचे पाणी मानवते. त्यातही पाणी जितके तापते, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि माशाला तर तो अधिकच लागतो.

दादाने फोनवर उपाय सांगितला. झाकण काढून जाळी घातली आणि पाण्याच्या पृष्ठावर पंखा सोडला. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने पेटीतील पाणीही निवते. वीज गेली की विजेरीवर चालणारा हवेचा पंप लावायचा. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणी घालायचे. कारण वाफ होते ती पाण्याची, मीठ पेटीतच राहते. संध्याकाळपर्यंत पारा २८ वर आला. मोठ्या माशाला उतार पडला. लहान मासा मात्र तिसऱ्या दिवशी पहाटे कपारीतच निपचित पडलेला आढळला. मुलीने तो अंगणातील कडुनिंबाखाली पुरला आणि त्या दिवशी ती जेवली नाही. आजीने तिला बळेच काही भरवले नाही.

एकटा उरलेला मासा काही दिवस पुन्हा दिसेनासा झाला. मुलगी रोज सकाळ-संध्याकाळ पाण्याचे तापमान वहीत टिपू लागली. त्याचे कल्ले संथ चालत होते, रात्री टाकलेला चारा सकाळपर्यंत संपलेला असे. तेव्हा हे दडणे आजाराचे नव्हे, असे तिने ठरवले आणि कोणालाही दगड हलवू दिला नाही. मृगाचा पाऊस पडून हवा गार झाली, आणि मासा दुपारचा फिरू लागला.

पोळ्याच्या सुमारास दादाचा फोन आला : सोबतीला दुसरा मासा आणू का? विदूषक माशांत जोडीतला मोठा तो मादी असतो आणि लहान तो नर. म्हणून नवा सोबती लहानच आणावा लागतो. तोलामोलाचा आणला तर भांडण ठरलेले. दादा हे समजावीत असता बहिणीने त्याला मध्येच थांबवले.

"आण, दादा. पण आधी अजून एक पोकळ दगड आण. त्याला यायच्या दिवशीच लागेल."