दोन सुरांचं गाणं

असोद्यातल्या एका शाळेचा बँड मी सांभाळतो. नोकरी म्हणून नाही. शेती आहे, लग्नसराईत क्लॅरिनेट वाजवत मोठा झालो आहे, आणि डीजे आल्यापासून लग्नातले बँड बसत गेल्यामुळे संध्याकाळ मोकळी असते. बहिणाबाई चौधरींचं माहेर म्हणून आमच्या गावाचं नाव महाराष्ट्राला माहीत आहे. बँडसाठी कुणी ओळखावं असं काही नाही. सामान म्हणाल तर सहा बिगुल, बासऱ्या, साइड ड्रम, एक बिग ड्रम, झांजा, ट्रँगल. त्यात मोडलेल्या एका बँडकडून आलेले दोन मेरठचे ट्रंपेट आणि एक आल्टो सॅक्सोफोन. शिवाय भजनी मंडळाची पेटी, मागितली की मिळते.

माझी भाची अमेरिकेत असते. तिची मुलगी शाळेच्या जॅझ बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवते. एका सुट्टीत माझ्या हाती त्या बँडची छापील नोटेशन्स आली आणि मी ती दिवाळी अंकासारखी वाचून काढली. पुरा बिग बँड म्हणजे साधारण सतरा वादक : पाच सॅक्सोफोन, चार ट्रंपेट, चार ट्रॉम्बोन, आणि मागे पियानो, गिटार, बास व ड्रम. तिकडे शाळांसाठी त्याच गाण्यांच्या सोप्या-अवघड मांडण्या पायरीपायरीने छापलेल्या मिळतात. कुठला ट्रंपेट किती वर चढतो, कुठला वादक नसला तरी चालतं, हे वर लिहिलेलं असतं. ज्याला स्वतःच्या मनाने वाजवता येत नाही त्याच्यासाठी नमुन्याचा सोलोसुद्धा लिहून दिलेला असतो.

हे संगीत आपल्याला अगदीच परकं आहे असं नाही. लिऑन अॅबीचा अमेरिकन बँड १९३५ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजत होता. त्यानंतरच्या काळात ही जागा गोव्याच्या वादकांनी भरून काढली, कारण चर्चच्या शाळेत त्यांना लहानपणीच नोटेशन वाचायला शिकवलेलं असायचं. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५१च्या ‘अलबेला’मध्ये त्यांच्यातल्याच चिक चॉकलेटला त्याच्या बँडसकट पडद्यावर आणलं. आमच्या बाजूच्या लग्नांत ती गाणी आम्ही कैक वर्षं वाजवली. त्यांचं मूळ बिग बँडमध्ये आहे हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून अडलंही नाही.

स्नेहसंमेलनाला बँडने काहीतरी नवं वाजवावं असं शाळेने सांगितलं. मुलांनी लगेच त्या वर्षी गाजत असलेलं सिनेमाचं गाणं सुचवलं. मी घरी वाजवून पाहिलं. चाल चांगली होती, पण ती धरू शकणारी मुलं आमच्याकडे तीनच. ती तिघं वाजवणार आणि बाकीचे वीस-बावीस जण ठेका धरून उभे राहणार. बिगुलवाल्या पोरांपैकी एक सातवीतला मुलगा दरवर्षी मला विचारायचा, “सर, मले कव्हा वाजवाले मियीन?” सलामीच्या वेळी एकदा फुंकायचं आणि मग कवायत संपेपर्यंत बिगुल काखेत धरून उभं राहायचं, एवढंच त्याच्या वाट्याला येत होतं. तेव्हा शोध सुरू केला तो उलट्या टोकाकडून : या मुलाला वाजवता येईल असं काय आहे?

बिगुलाला ना पडदे, ना भोकं. ओठांच्या ताणावर जे सूर निघतात तेवढेच : सा, प, वरचा सा, ग, प. त्यातही नवशिक्याला खात्रीने लागतात ते मधले प आणि सा. रे, म, ध, नि त्याच्याकडे नाहीतच. या दोन सुरांवर कुणी गाणं केलं असेल असं मला वाटलं नव्हतं. पण भाचीच्या कागदांमध्ये ते होतं. ड्यूक एलिंग्टनचं ‘सी जॅम ब्लूज’, १९४२ सालचं. त्याची मूळ चाल फक्त दोन सुरांची आहे, आणि ते दोन सूर म्हणजे प आणि सा.

एलिंग्टनचं नाव मी ऐकून होतो. हा माणूस १९६३ साली आपला बँड घेऊन भारतात येऊन गेला होता, मुंबईतही वाजवून गेला. त्याच्याबद्दल वाचलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्याच्या वादकांच्या कागदांवर ‘पहिला ट्रंपेट’, ‘दुसरा ट्रंपेट’ असं लिहिण्याऐवजी बऱ्याचदा त्या वादकाचं नाव लिहिलेलं असे. समोरच्या माणसाचा आवाज, त्याची फुंक, त्याची खोड ओळखून तो लिहायचा. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या बँडचा प्रमुख हे करत होता, तर सहा बिगुलांच्या मास्तराने ते न करून कसं चालेल?

पट्टीचा प्रश्न बिगुलानेच सोडवला. आमचे बिगुल काळी पाचचे, ते बदलता येत नाहीत, तेव्हा सगळ्यांनी काळी पाचमध्ये यायचं. ट्रंपेट आणि क्लॅरिनेट मुळात त्याच पट्टीचे, म्हणून त्यांच्या कागदावरचा ‘सी’ म्हणजेच आमचा सा. आल्टो सॅक्सोफोन काळी दोनचा; त्याला तोच सा काढायला त्याच्या कागदावरचा ‘जी’ धरावा लागतो. छापील कागद मूळ ‘सी’ पट्टीत असेल, तर तो जसाच्या तसा वाजवायला घेतला की बिगुल बाहेर पडतात. बासऱ्याही काळी पाचच्या मागवल्या. कुठलीही मांडणी निवडताना मी आता चालीच्या आधी पट्टी पाहतो.

दुसरी अडचण होती नोटेशनची. आमच्या मुलांना ते वाचता येत नाही, आणि लग्नाच्या बँडमध्ये मीही कानानेच शिकलो. वाचायला शिकलो ते फार उशिरा. इथे काउंट बेसी उपयोगी पडला. कॅन्सस सिटीच्या त्याच्या बँडमध्ये कित्येक मांडण्या कागदावर न उतरताच तयार होत : एकाने छोटी लकेर धरायची, शेजारच्या रांगेने ती उचलायची, तिसऱ्या रांगेने तिला उत्तर द्यायचं. १९३७ सालचं त्याचं गाजलेलं ‘वन ओ’क्लॉक जंप’ अशाच पद्धतीने घडलं. आमच्याकडे शाहीर आणि त्याचे झीलकरी वेगळं काय करतात? मी छापील कागद माझ्यापुरता ठेवला आणि मुलांना सगळं सरगममध्ये, तोंडाने म्हणवून दिलं.

ब्लूजचा साचा बारा बारचा, एका बारमध्ये चार मात्रा. म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रा. तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं. भजनात पेटी वाजवणाऱ्या नववीतल्या मुलाला हे एकदा सांगितलं आणि त्याने परत विचारलं नाही. पहिलं आवर्तन सगळं सा धरून. दुसऱ्याचं अर्धं म धरून, अर्धं सा धरून. तिसऱ्याचं अर्धं प आणि उरलेलं पुन्हा सा. वरची बिगुलाची चाल तिन्ही आवर्तनांत तीच राहते, खालची जमीन बदलते, म्हणून ती दर वेळी नवी ऐकू येते. दोन सुरांच्या गाण्याची गंमत इथे आहे.

स्विंगची चाल शिकवायला वेळ लागेल अशी मला धास्ती होती. एका मात्रेचे तीन भाग करायचे आणि पहिल्या-तिसऱ्या भागावर वाजवायचं, एवढाच तो हिशेब. पण खान्देशातल्या लग्नात वरातीपुढे नाचलेल्या पोरांच्या पायात तो झोल आधीच होता. साइड ड्रमवाल्यांना फक्त एकच सांगावं लागलं : हळू वाजवा. ड्रम दणदणला की सहा बिगुलसुद्धा बुडतात. निम्मा सराव मी ड्रम दाबण्यातच घालवला.

सोलो दोघांना दिला. पेटीवाल्याला सांगितलं की सा, कोमल ग, म, प, कोमल नि एवढ्यातच फिर. म्हणजे त्याच्या ओळखीचा धानी. खाली शुद्ध ग आणि वर कोमल ग असा जो खटका बसतो, तोच ब्लूजचा स्वाद, तेव्हा तिथे घाबरू नकोस. क्लॅरिनेट शिकणाऱ्या आठवीतल्या मुलीला मनाने वाजवायची भीती वाटत होती. तिला मी चार ओळी लिहून दिल्या, छापील मांडणीत देतात तशाच. सरावाच्या शेवटी शेवटी त्यातल्या दोन तिने स्वतः बदलल्या, आणि त्या माझ्यापेक्षा बऱ्या होत्या.

कार्यक्रमासाठी दुसरी चीज म्हणून आजीकडून ऐकलेली जात्यावरच्या ओवीची चाल घेतली. तीही चार-पाच सुरांतच फिरते. मुली एक ओळ गात, बासऱ्या आणि ट्रंपेट तिला उत्तर देत, आणि बिगुल ओळीच्या शेवटी फक्त सा धरून ठेवत. ज्या गावच्या लेकीने जात्यावर बसून कविता रचली, तिथल्या मुलांना ही चाल शिकवावी लागली नाही. बऱ्याच जणांच्या घरातली होती.

संमेलनात एलिंग्टनचं गाणं ठरलेल्यापेक्षा जलद गेलं, एक ट्रंपेट मध्येच थांबला, पण बिगुल कुठेही चुकले नाहीत. चुकायला त्यांच्याकडे तिसरा सूरच नव्हता. सातवीतला तो मुलगा बारा बारची चाल शेवटपर्यंत पुढे उभा राहून वाजवत होता. एक पालक नंतर म्हणाले, गाणं ओळखीचं नव्हतं, पण या वेळी सगळी पोरं वाजवत होती. याहून मोठी दाद मला नको होती.

गाणं निवडणाऱ्या मास्तरांना एवढंच सांगेन. गाजलेल्या गाण्यांची यादी काढण्याआधी बँडमधल्या सगळ्यात कच्च्या मुलाजवळ बसा आणि त्याला स्वच्छ लागणारे सूर लिहून घ्या. मग त्या सुरांत बसणारं गाणं शोधा. नाही मिळालं तर स्वतः बसवा. हुशार मुलांना सोलो देऊन वर नेता येतं. पण कच्च्या मुलाला न झेपणारं गाणं निवडलंत, तर तो बँडमध्ये असून नसल्यासारखा आहे.